परदेशात नजर रुंदावते ती नेमकी कशाने?

दहा देश फिरून आलेला आणि जाताना होती तीच मतं जरा जास्तच ठामपणे घेऊन परतलेला एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. उलट एकाच परक्या शहरात सहा महिने काढून आलेल्या कुणाचं बोलणंच बदललेलं दिसतं. हा नशिबाचा भाग नाही. प्रवास कसा आखला, तिथल्या माणसांशी कुठल्या नात्याने गाठ पडली आणि जे कळलं नाही त्याचं पुढे काय केलं, यावर सगळं ठरतं. माझं मत सांगतो: प्रेक्षणीय स्थळं पाहून मन रमतं, पण नजर रुंदावते ती रोजच्या साध्या व्यवहारात अडल्यावर. तीही अडण्यामागचं कारण शोधायची तसदी घेतली तरच.

या विषयावर बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे आणि ते प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींइतकं गोड नाही. विल्यम मॅडक्स आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना एक जुनं कोडं घातलं होतं. एक मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली एक खोकी दिलेली आहे. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की जळताना मेण खाली सांडणार नाही. उत्तर असं की टाचण्या ओतून टाकायच्या, रिकामी खोकी भिंतीला टाचायची आणि मेणबत्ती तिच्यात उभी करायची. खोकीकडे टाचण्या ठेवायची वस्तू म्हणूनच बघत राहिलं तर हे सुचत नाही. परदेशात राहिलेल्यांना हे कोडं जास्त प्रमाणात सुटलं. परदेशात नुसतं फिरण्यात घालवलेल्या वेळेचा मात्र तसा संबंध दिसला नाही.

याच मंडळींच्या पुढच्या कामात आणखी गंमत आहे. जास्त देश पाहिलेल्यांचा अनोळखी माणसांवरचा विश्वास वाढतो, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. २०१७ च्या अभ्यासात निघालं की जास्त देशांचा अनुभव असलेल्यांमध्ये नियम वाकवायची, लबाडी करायची तयारीही जास्त असते. ‘प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे’ हे कळलं की ‘मग नियमांना तसा अर्थ काय’ इथपर्यंत जायला वेळ लागत नाही, हे त्यामागचं कारण. तेव्हा रुंदावणं म्हणजे फक्त चांगलंच काहीतरी, असं समजायचं कारण नाही.

आता आखणीकडे येऊ, कारण निम्मी बाजी तिथेच हरली जाते. दोन आठवड्यांत पाच शहरं हा नेहमीचा बेत. प्रत्येक मुक्काम बदलताना सामान बांधणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, पुढच्या खोलीचा ताबा दुपारी मिळेपर्यंत ताटकळणं, यात किमान अर्धा दिवस जातो. चार वेळा मुक्काम हलवला की दोन पूर्ण दिवस पिशव्या ओढण्यात गेले. यात येण्याजाण्याचे दोन दिवस आणि जेट लॅग मिळवा. त्याचा ढोबळ हिशोब असा की जितके तास घड्याळ सरकलं, जवळजवळ तितके दिवस शरीराला पूर्ण सावरायला लागतात, आणि पूर्वेकडे जाताना जास्त. अपुऱ्या झोपेत माणूस चिडका होतो आणि पहिल्या तीन दिवसांत भेटलेले सगळे लोक त्याला तुसडे वाटतात. या दिवसांत बनलेलं मत कच्चं समजावं.

त्यापेक्षा चौदा दिवसांत एका शहरात नऊ-दहा दिवस आणि एका लहान गावात तीन-चार, असा बेत करा. राहायची जागा मुख्य चौकापासून ट्रामने किंवा बसने वीस-तीस मिनिटांवर, जिथे खरोखर लोक राहतात अशा वस्तीत घ्या. स्वयंपाकाची सोय आणि जवळ नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान असलं की उत्तम. मुद्दा असा की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच चेहरे पुन्हा दिसायला हवेत. रोज एकाच वेळी त्याच बाकावर किंवा त्याच कॉफीच्या दुकानात बसलात तर पाचव्या दिवशी कुणीतरी आपणहून बोलतं. रोज नव्या जागी गेलात तर तुम्ही कायम पहिल्या दिवसाचेच पाहुणे राहता.

शिवाय काही कामं मुद्दाम अंगावर घ्यावीत: कपडे धुणं, केस कापून घेणं, पोस्टात जाऊन पत्र टाकणं, सार्वजनिक वाचनालयात तासभर बसणं, कचरा तिथल्या नियमाने वेगळा करून टाकणं. शेवटचं काम वाटतं तितकं क्षुल्लक नाही. जपानमधल्या कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ साली कचरा शून्यावर आणायचा निर्धार जाहीर केला आणि तिथे कचऱ्याची वर्गवारी चाळीसहून अधिक प्रकारांत होते. हातात रिकामी बाटली घेऊन तिचं झाकण, वेष्टण आणि बाटली कुठे-कुठे जाते हे शोधण्यात जो अर्धा तास जातो, तो बहुतेक देवळं आणि राजवाड्यांपेक्षा जास्त शिकवतो.

अडल्यावर कारण कसं शोधायचं, याचं एक उदाहरण जवळून बघू. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. संध्याकाळी सातला भूक लागलेला पाहुणा बंद स्वयंपाकघरांसमोरून फिरतो आणि ‘हे लोक मुळातच निवांत, शिस्त नाही’ असं ठरवून मोकळा होतो. आता एक सोपा प्रयोग करा. माद्रिदच्या एखाद्या बागेत उन्हाळ्यात सरळ काठी रोवा आणि सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहा. घड्याळात तेव्हा साधारण सव्वादोन वाजलेले असतात! म्हणजे सूर्याच्या हिशोबाने स्पॅनिश माणूस बाराच्या सुमारासच जेवतो आहे. माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे करून मध्य युरोपच्या वेळेला जोडली गेली, ती परत मागे आली नाहीत. शेजारचा पोर्तुगाल जवळपास त्याच रेखांशांवर असून त्याचं घड्याळ तासभर मागे आहे. स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसियात जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, मग सातला कोण जेवायला बसणार?

पण इथेच थांबलात तर तुम्ही एका सोप्या समजुतीच्या जागी दुसरी सोपी समजूत बसवलीत. घड्याळ हे एकमेव कारण नाही. दुपारी मोठी सुटी घेऊन संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारा, दोन तुकड्यांत विभागलेला कामाचा दिवस हेही कारण आहे. पहिलं स्पष्टीकरण सापडल्याचा आनंद फार धोक्याचा असतो.

अमेरिकेतल्या टिपचंही तसंच. जपानमध्ये टिप ठेवून निघालात तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल. अमेरिकेत पंधरा-वीस टक्के ठेवले नाहीत तर तो अपमान. पाहुण्याला वाटतं, हे लोक हावरट. मग त्याला समजतं की टिप मिळणाऱ्या कामगारांचं संघराज्य पातळीवरचं किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर इतकंच आहे, तर इतरांचं ७.२५ डॉलर. टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा. म्हणजे तुमची टिप ही बक्षिसी नसून पगाराचा भाग आहे. कोडं सुटलं? नाही. कॅलिफोर्नियात हा सवलतीचा दर चालत नाही, वेटरला पूर्ण किमान वेतन मिळतं, आणि तरीही टिप तितकीच अपेक्षित असते. कायद्याने रीत घडवली, पण आता रीत कायद्याशिवायही उभी आहे.

बर्लिनच्या मेट्रो स्टेशनात शिरताना एकही फाटक लागत नाही. ‘किती प्रामाणिक लोक!’ असं म्हणून गहिवरण्याआधी फलाटावरचं छोटं यंत्र शोधा आणि कागदी तिकिटावर शिक्का मारून घ्या. तिकीट काढलंय पण शिक्का नाही, म्हणून साध्या वेशातल्या तपासनिसाला ६० युरो देणारे बरेचसे पाहुणेच असतात. फाटकं बसवण्या-सांभाळण्याचा खर्च आणि गर्दीचा खोळंबा एकीकडे, अधूनमधून तपासणी आणि दंड दुसरीकडे, असा हा हिशोब आहे. विश्वास आहे, पण तो तपासणीच्या आधारावर उभा आहे.

असे प्रसंग टिपण्यासाठी एक वही ठेवा, फोन नको. उजव्या पानावर फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं: ‘बाई दुकानात गेली, बाबागाडी बाहेर, आत मूल झोपलेलं, तापमान दोन अंश.’ ‘निष्काळजी आई’ हे शब्द उजव्या पानावर येता कामा नयेत. डाव्या पानावर त्या दृश्याची किमान तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं, तारखेसह. डेन्मार्कमध्ये हे दृश्य रोजचं. मोकळ्या थंड हवेत बाळाला झोप चांगली लागते अशी तिथली समजूत. एका डॅनिश आईने १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये हेच केलं, रेस्तराँच्या बाहेर बाबागाडी ठेवली, तर तिला अटक झाली. दोन्हीकडच्या लोकांना आपलीच रीत अगदी स्वयंसिद्ध वाटत होती.

तीन स्पष्टीकरणांपैकी कुठलं टिकतं हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारण्यातच बहुतेक जण चुकतात. ‘तुम्ही हे असं का करता?’ असं विचारलं की समोरचा बचावाला उभा राहतो किंवा पर्यटकांसाठी तयार असलेलं उत्तर देतो. त्याऐवजी हे तीन प्रश्न चालतात: ‘तुमच्या लहानपणीही असंच होतं का?’, ‘तुम्हाला स्वतःला याचा कधी वैताग येतो का?’ आणि ‘बाहेरून नवीन राहायला आलेले लोक इथे सगळ्यांत जास्त कशात चुकतात?’ दुसऱ्या प्रश्नाने हमखास गाडी सुरू होते. आपल्या देशाबद्दल कुरकुर करायला कुणालाही आवडतं, आणि त्या कुरकुरीतून कळतं की ‘ते लोक’ एकमताचे मुळीच नाहीत. एकाच माणसाला विचारून थांबू नका. वेगवेगळ्या वयाच्या तिघांना विचारा आणि त्यांतला एकही टॅक्सीचालक, गाइड किंवा हॉटेलचा माणूस नसावा. या लोकांशी बोलू नका असं नाही. पण पाहुण्याला काय ऐकायला आवडतं हे जाणून असणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग आहे.

यामागे एक जुना सिद्धान्त आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं की दोन गटांची माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा त्या प्रसंगी समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य लागायला हवं आणि संस्थेचा किंवा नियमांचा त्याला पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह बहुधा कमी होतात आणि या अटी असतील तर जास्त कमी होतात, असं त्यांना आढळलं. आता पर्यटकाचा दिवस आठवा. खोली झाडणारी, जेवण वाढणारा, गाडी चालवणारा: दिवसभरात ज्यांच्याशी संबंध आला ते सगळे त्याची सेवा करत होते. समान दर्जाची एकही गाठ नाही. आठवड्याने तो म्हणतो, ‘तिथले लोक फार नम्र आहेत.’

समान पातळीवर भेटायचं तर काहीतरी एकत्र करावं लागतं. गाण्याचा गट, बुद्धिबळाचा क्लब, शनिवारी सकाळी पळणारी मंडळी, हस्तकलेचा वर्ग. जे तुम्ही घरी करता तेच तिथे शोधा. सर्व्हास ही संस्था १९४९ पासून याच हेतूने चालते: सदस्य प्रवाशाला यजमान सहसा दोन रात्री घरी ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत, पण तुम्ही त्यांच्यासोबत वेळ घालवणं अपेक्षित असतं. फुकटची खोली म्हणून गेलात तर दोघांचाही विरस होतो. सेंद्रिय शेतांवर रोज काही तास काम करून राहणं-जेवणं मिळवायची वूफची पद्धत १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. ती चांगली, पण बऱ्याच देशांत हे ‘काम’ धरलं जातं आणि पर्यटक व्हिसावर चालत नाही, तेव्हा जायच्या आधी त्या देशाच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: पैसे भरून अनाथाश्रमात आठवडाभर ‘सेवा’. कंबोडियासारख्या देशांत अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं उघड झालं आहे. पाहुण्यांच्या पैशांमुळे मुलं घरापासून तोडली जातात. इथे नजर रुंदावत नाही, फक्त आपण भले आहोत याची खात्री पटते.

भाषेबद्दल थोडक्यात. जायच्या आधी आकडे शिका, मग वार, मग ‘कुठे’, ‘किती’ आणि ‘माफ करा’. लिपी वेगळी असेल तर ती आधी. कोरियन लिपीत मूळ २४ अक्षरं आहेत, दोन-तीन दिवसांत ओळखता येतात. रशियन लिपीत ३३. अर्थ कळला नाही तरी पाटी वाचता आली की शहर भिंतीसारखं उभं राहत नाही. फोनवरचं भाषांतर औषधाच्या चिठ्ठीसाठी आणि भाडेकरारासाठी राखून ठेवा. सगळीकडे तेच वापरलं तर अडायची वेळच येत नाही, आणि मग इतका खटाटोप करून काय साधलं?

संग्रहालयांबाबत माझा आग्रह आहे की कलादालन एक कमी पाहा, पण युद्धाचं किंवा वसाहतींचं एक संग्रहालय नक्की पाहा, आणि जमेल तेव्हा त्याच घटनेचं दुसऱ्या देशातलं. हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय १९५५ साली उघडलं. तिथे सव्वाआठला थांबलेलं घड्याळ आणि मुलांचे जळके कपडे आहेत. त्या शहरावर अणुबॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ विमान अमेरिकेत व्हर्जिनियातल्या उडवार-हेझी केंद्रात चकचकीत अवस्थेत उभं आहे. १९९५ साली वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाने त्या विमानासोबत बॉम्बचे परिणामही दाखवायचं ठरवलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना आणि संसदेतून इतका विरोध झाला की प्रदर्शन आटोपतं घ्यावं लागलं आणि संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला. तिसरी जागा चीनमधलं नानजिंग. १९३७ साली जपानी सैन्याने तिथे केलेल्या कत्तलीचं स्मारक १९८५ पासून आहे. हिरोशिमात जपानी माणूस बळी, नानजिंगमध्ये मारेकरी. दोन्ही खरं. व्हिएतनाम युद्धाचंही तसंच: वॉशिंग्टनच्या १९८२ च्या स्मारकाच्या काळ्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावं आहेत, सगळी अमेरिकन बाजूची, व्हिएतनामी मृतांचे फोटो पाहायला हो ची मिन्ह सिटीतल्या युद्ध अवशेष संग्रहालयात जावं लागतं.

अशा जागी फिरताना तीन गोष्टी टिपाव्यात. गोष्ट कुठल्या तारखेपासून सुरू केली आहे? कुणाला नाव आणि चेहरा आहे, आणि कोण नुसता आकडा आहे? आणि वाक्यातून कर्ता कुठे गायब होतो: ‘शहर उद्ध्वस्त झालं’ की ‘आम्ही उद्ध्वस्त केलं’? ही सवय लागली की परत आल्यावर स्वतःच्या देशातली संग्रहालयं आणि शाळेची पुस्तकंही वेगळी दिसू लागतात. माझ्या मते परदेशातून आणण्यासारखी याहून मोलाची वस्तू नाही.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी एक खेळ. रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेन्झायन यांनी १९९९ साली ३१ देशांतला जीवनाचा वेग मोजून प्रसिद्ध केला: एकटी चालणारी माणसं ६० फूट किती सेकंदांत कापतात, पोस्टातला कारकून तिकीट द्यायला किती वेळ लावतो, बँकांमधली घड्याळं किती अचूक आहेत. स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी सर्वांत वेगवान. मेक्सिको सर्वांत संथ. वेगवान जागी हृदयविकाराने मृत्यू जास्त, आणि लोकांचं समाधानही जास्त! सपाट, मोकळा पदपथ निवडा, ६० फूट म्हणजे सुमारे १८ मीटर मोजा, वीस जणांची वेळ घ्या. थांबून दुकानं बघणारे आणि जोडीने चालणारे धरू नका, नाहीतर सरासरी बिघडते. ‘इथले लोक फार घाईत असतात’ हे आपलं मत आणि स्टॉपवॉच यांचं किती वेळा जमत नाही, ते पाहून मजा येते.

जास्त काळ राहणाऱ्यांनी एक वळण आधीच ओळखून ठेवावं. स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी रुळलेले निघाले. त्याहून कमी किंवा जास्त राहिलेले बरे. प्रत्येकाचं असंच होतं असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही, पण मधली घसरण बऱ्याच जणांना भेटते. मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्वो ओबर्ग यांनी तिची लक्षणं लिहून ठेवली आहेत: सारखे हात धुणं, पाणी आणि अंथरुणाबद्दल अवास्तव काळजी, क्षुल्लक उशिरावरून संताप, आणि आपल्याच देशातल्या लोकांच्या घोळक्यात बसून यजमानांना नावं ठेवणं. घोळक्याला जायला हरकत नाही, आठवड्यातून एकदा. रोज गेलात तर भाषाही अडते आणि वैतागही पिकतो.

परतल्यावरही अशीच एक घसरण येते, आणि जॉन व जीन गलहॉर्न यांनी १९६३ मध्येच तिच्याबद्दल लिहिलं होतं. तिचं दृश्य रूप म्हणजे प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘तिकडे ना...’ अशी करणारा माणूस. तो तिथल्या चांगल्या वस्तीची तुलना इथल्या वाईट रस्त्याशी करत असतो, आणि लोक कंटाळतात. तुलना करायचीच तर जोडी नीट लावा: तिथलं सरकारी कार्यालय आणि इथलं सरकारी कार्यालय, तिथली गर्दीची वेळ आणि इथली गर्दीची वेळ. जे आवडलं त्यातली एकच सवय निवडून स्वतः तीन महिने पाळून बघा. ती इथे का टिकत नाही हे कळलं की तिथे कशामुळे टिकते हेही कळतं. आणि वहीचं डावं पान परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी उघडा, तोवर तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाशी पत्रव्यवहार चालू असेलच. जी स्पष्टीकरणं अजून पटतात त्यांवर खूण करा, उरलेल्यांवर काट मारा आणि ज्यांबद्दल शंका आहे ती त्याला लिहून विचारा.